घरातील पाण्याचा जमाखर्च

जमेची बाजू भरून खर्चाची बाजू कोरी ठेवणाऱ्या कारकुनास कोणी शहाणा म्हणणार नाही. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले, म्हणून हा दाखला सुचला. घरातील पाण्याच्या बाबतीत मात्र आपण सर्व शेतकरी बंधू असेच कारकून आहोत. पाणी किती आले हे प्रत्येकास ठाऊक असते. गेले कोठे, हे कोणी पाहत नाही.

पूर्वी पाणी डोक्यावरून आणावे लागे, तेव्हा ते हात राखून वापरले जाई. आता नळ दारी आला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यात माणशी दररोज ५५ लिटरांचे मान धरले आहे. त्यापैकी सुमारे चार पंचमांश सांडपाणी होते असे धरल्यास पाच माणसांच्या घरातून रोज २२० लिटर, आणि पाचशे घरांच्या गावातून १,१०,००० लिटर पाणी बाहेर पडते. ते गटारातून ओढ्यास व ओढ्यातून पंचगंगेस जाते.

पंचगंगेच्या दुर्दशेत शहरांचा व कारखान्यांचा वाटा मोठा आहे, तो झाकण्याचे कारण नाही. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. २०१२ साली दूषित पाण्यामुळे इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली. परंतु शहराकडे बोट दाखविल्याने आपली मोरी शुद्ध होत नाही. वरच्या गावाचे सांडपाणी तेच खालच्या गावाचे पिण्याचे पाणी होय.

हा धडा आम्ही घरीच शिकलो. आमच्या परड्यात न्हाणीचे पाणी विहिरीजवळ साचत असे. तान्ह्या मुलांचे कपडे धुतलेले पाणीही त्यातच जाई. एका पावसाळ्यात घरातील दोन मुले अतिसाराने अंथरुणास खिळली. डॉक्टरांनी आधी विहीर पाहिली, मग नाडी. त्या वर्षीच आम्ही शोषखड्डा घेतला.

त्याची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी व खोली सुमारे चार फूट ठेवावी. तळाशी मोठे डबर, त्यावर लहान दगड, सर्वांत वर विटांचे तुकडे भरावेत. मधोमध भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाचा काथ्या घालावा. खड्ड्याच्या अलीकडे लहान हौद ठेवावा, म्हणजे खरकटे, राख व तेलकटपणा तेथेच अडतो. तो आठवड्यास साफ करावा. न केल्यास खड्डा तुंबतो. विहिरीपासून निदान दहा मीटर अंतर असावे, आणि शौचकूपाचे पाणी त्यात कदापि सोडू नये.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली व डासांचा उपद्रव घालविला. मात्र मुरमाड जमिनीत जे साधते, ते शिरोळकडील भारी काळ्या रानात, किंवा पाणी जमिनीलगत असेल तेथे साधत नाही. तेथे सांडपाणी परसबागेत केळी, कर्दळ यांस फिरवावे. कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊ नये.

बांधावरून हातभर जमीन गेली तर आपण कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. आपल्या मोरीचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जाते, हेही अतिक्रमणच आहे. ते काढण्यास मोजणीदार लागत नाही; एक कुदळ व दोन दिवसांची मेहनत पुरे.