आखडलेले कोपर

माझे निखळलेले उजवे कोपर इस्पितळात जागेवर बसविले गेले आणि यथावकाश प्लास्टरही निघाले. परंतु त्यानंतर, आमच्याकडील जुन्या रिवाजास अनुसरून, एका हाडवैद्याकडून कढत तेलाचे मर्दन करवून व हात जोराने ओढवून तो सरळ करण्याची जी तजवीज झाली, तिच्यामुळे दंडाच्या पुढच्या स्नायूत नवेच हाड धरले आणि हात काटकोनाच्या अलीकडेच जखडून बसला. गावोगावी हा उपचार आजही मोठ्या ममतेने केला जातो, म्हणून निक्षून सांगतो, की दुखावलेल्या कोपरास परक्या हाताचा जोर सोसत नाही. त्याची हालचाल रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावयाची असते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मॉरीप्रभृतींनी १९८१ साली मोजमापे घेऊन दाखविले, की नित्याचे बहुतेक व्यवहार ३० ते १३० अंशांच्या टापूत पार पडतात. हात किंचित वाकडा राहिला तरी संसार चालतो. घास मुखापर्यंत पोहोचत नाही आणि गळ्याचे बटण दुसऱ्याने लावावे लागते, तेव्हा मात्र माणूस खचतो. मी शस्त्रक्रियेस राजी झालो तो याच कारणाने.

नवे हाड पक्व होऊन क्ष-किरण चित्रात त्याच्या कडा रेखीव दिसू लागल्यावर शल्यविशारदांनी ते काढले व सांध्याभोवतीचे जाडावलेले आवरणही सोडविले. कोपराच्या आतल्या अंगाने करंगळीकडे जाणारी नस, दीर्घकाळ न वाकलेला हात एकाएकी वाकू लागला, की ताणली जाते. म्हणून माझ्या बाबतीत तीही मोकळी करण्यात आली. करंगळीस वा अनामिकेस मुंग्या येत असतील, तर ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालण्यात हयगय करू नये.

भुलेखाली मिळालेली हालचाल आपोआप टिकत नाही. सूज व वेदना असतानाच, वेदनाशामक औषधांच्या आधाराने, दिवसातून अनेकवार थोडाथोडा व्यायाम आणि सांगितल्याप्रमाणे पट्टा बांधणे हा क्रम कित्येक महिने चालवावा लागतो. पहिल्या आठवड्यांत तर फिजिओथेरपिस्ट जवळ असणे अगत्याचे. ज्यांचे गाव दूर आहे, त्यांनी शहरात मुक्कामाची सोय आधी पक्की करावी, आणि ती होत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून तारीख पुढची घ्यावी.