झोप घाटात लागत नाही

साताऱ्याहून लग्न आटोपून रात्रीच नेरूळला निघालो होतो. गाडी चालवणारे भावोजी खंडाळ्याच्या घाटात टक्क जागे. वळणं, ट्रक, ब्रेकचे लाल दिवे. डोळा लागायला सवडच नव्हती. कळंबोली मागे पडली, सायन-पनवेल महामार्गाचा सरळ पट्टा लागला आणि कामोठ्यापाशी त्यांचं बोलणं थांबलं. "घ्या ना जरा बाजूला," मी म्हटलं. "अहो वहिनी, नेरूळ आलंच की!"

खारघरच्या अलीकडे चाकाखाली टक्, टक्, टक् वाजलं. लेनच्या रेषेवरच्या कॅट्स आय, म्हणजे चमकणाऱ्या उंच बटणांसारख्या खुणा, होत्या त्या. गाडी तिरकी होत शेजारच्या लेनमध्ये शिरत होती आणि मागून ट्रेलरचा हॉर्न. भावोजी दचकले, स्टिअरिंग झटक्यात फिरवलं. मला खरी भीती वाटली ती त्या झटक्याची. गाडी दोनदा हेलकावली, मग सावरली.

ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये पावणेदोन मीटरच्या गाडीला एका बाजूला मीटरभरही जागा उरत नाही. दोन सेकंदांची डुलकी तेवढ्याला पुरते.

म्हणून रस्त्याच्या कडेला बोलकी रेषा हवी. आपण रम्बलर म्हणतो ते आडवे पट्टे वेग कमी करायला लावतात, सगळ्यांचीच हाडं खिळखिळी करतात. ही रेषा लांबीच्या दिशेने जाते. थर्मोप्लास्टिक रंगाचे उंचवटे ठेवतात किंवा डांबरात खाचा पाडतात. चाक रेषेवर गेलं तरच घरघर होते, स्टिअरिंग थरथरतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर 1950 च्या दशकातच काँक्रीटच्या कडा अशा वाजत्या केल्या होत्या. कॅट्स आय अंतरा-अंतरावर असतात, उखडतात. चाक मधून निसटूही शकतं. सलग रेषेला चुकवता येत नाही.

पण ती जागं करते, जागं ठेवत नाही. घरघर ऐकू आली तर स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू लेनमध्ये या. मग काच खाली करून, गाणी मोठी लावून पुढे रेटू नका. डुलकी परत येतेच. पेट्रोल पंप किंवा फूड मॉल गाठा, चहा-कॉफी घ्या आणि वीस मिनिटं सीट मागे टाकून झोपा. कॉफीचा असर व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. शोल्डरवर मात्र थांबू नका, मागून येणाराही पेंगलेला असू शकतो. शेजारी बसणाऱ्यानेही झोपायचं नाही. गप्पा थांबल्या की मान वळवून बघायचं.

बाइकवाल्यांचं वेगळं. पावसात जाड रंगावरून चाक घसरतं. तिथे वळण, ब्रेक दोन्ही टाळा, आणि रेषा ओलांडायचीच असेल तर बाइक आडवी न करता, सरळ उभी ठेवून ओलांडा.