जपानला जाणाऱ्यांची तयारी



आपली मुलेमुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी जपानला जाऊ लागली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे यांची तयारी सर्वच करतात. पण मनाचीही तयारी हवी.

जपानी घरात शिरताना पादत्राणे काढावीत. भेटताना कमरेतून वाकून अभिवादन करावे. वेळ पाळावी. जेवणाच्या काड्या भातात उभ्या रोवू नयेत. तसा भात मृतासाठी ठेवतात.

बौद्ध धम्म सहाव्या शतकात कोरियातून जपानला पोहोचला. तेथील पुष्कळ धर्मगुरू विवाहित असतात. १८७२ साली सरकारने तशी मोकळीक दिली. हे पाहून गोंधळू नये.

एक गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. त्या देशातही मेलेली जनावरे ओढणाऱ्यांना, कातडी कमावणाऱ्यांना अस्पृश्य मानीत. त्यांच्या वस्त्यांना बुराकू म्हणतात. काही बौद्ध मंदिरांनी तर त्यांच्या मृतांना हीन धर्मनावे दिली. १८७१ च्या हुकुमाने हा भेद कायद्यातून गेला, मनातून गेला नाही. लग्नाच्या, नोकरीच्या वेळी वस्तीची चौकशी होतच राहिली. म्हणून १९२२ साली या लोकांनी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्वतः उभारली.

यातून आपण काय शिकायचे? बुद्धमूर्ती घरात आली म्हणून भेद आपोआप जात नाही. तो प्रयत्नाने घालवावा लागतो. सोयरीक जुळवताना आपण अजून पोटजात विचारतो काय? मुलाची बॅग भरण्याआधी प्रत्येक घराने याचे उत्तर द्यावे.