कॅमेऱ्यासमोरचे काम : होकार कुठपर्यंत, नकार कसा?

‘घरबसल्या काम, रोजचे पैसे, अनुभवाची गरज नाही.’ शेवगाव असो, जामखेड असो की श्रीरामपूर, हातात मोबाइल असलेल्या कोणालाही असा मेसेज येऊ शकतो. सुरुवातीला लाइव्ह ॲपवर ‘होस्ट’ म्हणून फक्त गप्पा मारायच्या असतात. मग टार्गेट वाढते, ‘प्रायव्हेट’ कॉल सुरू होतात आणि कपडे उतरवण्याची मागणी येते. नाही म्हटले की काम देणारा एजन्सीवाला सुनावतो, ‘तूच तर हो म्हणाली होतीस.’

पहिल्या दिवशीचा होकार पुढच्या प्रत्येक मागणीला लागू होत नाही. या कामात असलेल्या, त्यात ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी हे मार्गदर्शन आहे. काम कोणी का पत्करले, याचा न्यायनिवाडा इथे करायचा नाही.

१. होकाराची हद्द ओळखा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८ सांगते की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, संमती ठरत नाही. कलम ७७ त्याहून नेमके आहे. एखाद्या स्त्रीने खासगी क्षणाचे चित्रण करू दिले, पण ते इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे. म्हणजे चित्रणाला दिलेला होकार वेगळा आणि प्रसाराला दिलेला वेगळा. १८ वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत तर होकाराचा प्रश्नच नाही; तिथे पॉक्सो कायदा लागू होतो.

२. काम घेण्याआधी पाच गोष्टी विचारा

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ भागातल्या एका बंगल्यावर छापा टाकला. वेब सिरीजमधल्या भूमिकेचे आमिष दाखवून तरुणींना अश्लील चित्रणात ओढले, असा आरोप त्या प्रकरणात होता. डिसेंबर २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने कोलंबियातल्या वेबकॅम स्टुडिओंवर अहवाल काढला. त्यानुसार, खाती स्टुडिओच्या ताब्यात असल्याने आपण कशाला संमती दिली, हेच अनेकांना कळत नव्हते. म्हणून आधी विचारा :

– खाते कोणाच्या नावावर आणि पासवर्ड कोणाकडे?
– पैसे थेट माझ्या बँक खात्यात येणार का?
– रेकॉर्डिंग होते का, आणि ते कुठे विकले जाते?
– काम सोडल्यावर जुने व्हिडिओ काढणार का?
– कोणती कृती मी करणार नाही, हे लेखी मान्य आहे का?

एका जरी प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबा. मूळ आधार कार्ड, सह्या केलेले कोरे कागद किंवा बँकेचे पासबुक कोणाकडे ठेवू नका. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवू देऊ नका. खाते गोठवले जाऊ शकते.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. लैंगिक कृतीचा मजकूर इंटरनेटवर प्रसारित करणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे ज्याच्या नावावर खाते, तोही अडकू शकतो. एजन्सी नेमका याच भीतीचा वापर करते. यावर उपाय गप्प बसणे नव्हे, तर आधी वकिलाला गाठणे.

३. ‘करार मोडला तर दंड’ या धमकीला घाबरू नका

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करार मुक्त संमतीने व्हावा लागतो आणि ज्याचा उद्देशच बेकायदा, तो करार रद्दबातल असतो. कराराचा फोटो काढून ठेवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

४. ‘व्हिडिओ घरी पाठवतो’ असे कोणी म्हटले तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढत जाते. वाद घालू नका, विनवणीही करू नका. चॅट पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचे युजरनेम, नंबर, लिंक, तारीख आणि वेळ दिसू द्या. पैसे गेले असतील, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पुरावा जमवला की समोरच्याला ब्लॉक करा. चित्रण अल्पवयीन मुलाचे किंवा मुलीचे असेल, तर त्याची प्रत स्वतःकडे ठेवू नका, पुढे पाठवू नका. फक्त लिंक पोलिसांना द्या.

५. व्हिडिओ उतरवून घ्या

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर, त्या व्यक्तीने तक्रार केल्यावर हटवण्यासाठी २४ तासांची मुदत घातली. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला थोडक्यात लिहा : ‘या व्हिडिओत मी आहे. प्रसाराला माझी संमती नाही. तो काढा.’ सोबत लिंक द्या. साइट परदेशी असली तरी लिहा. कारण २०२१ मध्ये मास्टरकार्डने आपल्यामार्फत पैसे घेणाऱ्या प्रौढ साइटना चित्रणातल्या व्यक्तींच्या संमतीची लेखी नोंद ठेवण्याची अट घातली.

‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत तुमचा फोटो फोनबाहेर जात नाही. त्याचा केवळ डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. वय १८ च्या आतले असतानाच्या चित्रणासाठी ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे.

६. तक्रार नोंदवा

नगर जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे नगर शहरात आहे, पण अकोले किंवा पाथर्डीहून तिथवर येण्याची सक्ती नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला ‘झिरो एफआयआर’ नोंदवावा लागतो. कलम ७७ च्या तक्रारीत स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचे असते. तसा आग्रह धरा. नोंद नाकारली, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची माहिती नाव न देताही कळवता येते.

ठाण्यात ‘असले धंदे करता आणि वर तक्रार?’ असे कोणी सुनावले, तर मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा बुद्धदेव करमासकर खटल्यातला आदेश दाखवा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही पोलिसांनी सन्मानाने वागवावे, असे न्यायालयाने बजावले आहे. कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या स्त्रीला त्याहून कमी वागणूक देण्याला काहीच आधार नाही.

७. सोबत माणूस घ्या

नगरमध्ये १९८९ पासून काम करणारी स्नेहालय संस्था देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी उभी राहिली. अशा संस्थेतले कार्यकर्ते पोलीस ठाण्यात सोबत आले, तर बोलणे सोपे जाते. महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या प्रसंगी ११२. जीव नकोसा वाटू लागला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करा.

घरच्यांना कळकळीचे सांगणे : मुलीने किंवा मुलाने तोंड उघडले, की ‘का केलेस?’ हा प्रश्न गिळा. ‘कोण त्रास देतोय?’ एवढेच विचारा. धमकी देणाऱ्याचा सगळा जोर तुमच्यापर्यंत बातमी पोचण्याच्या भीतीवर असतो. तुम्हाला आधीच ठाऊक असेल आणि तुम्ही सोबत उभे असाल, तर त्याच्याकडे विकायला काही उरत नाही.