रक्तदात्याची पारख

आपल्या संस्थेच्या रक्तदान शिबिरांत एक प्रसंग बहुधा चुकत नाही. एखादे गृहस्थ सकाळी पोहे-जिलबीचा नाश्ता करून मोठ्या उत्साहाने येतात, बोटाला सुई टोचवून घेतात आणि थोड्याच वेळात हिरमुसल्या चेहऱ्याने मांडवाबाहेर पडतात. डॉक्टरांनी परत पाठविलेले असते. परीक्षेत नापास झाल्यासारखे त्यांस वाटते. मागे एका तरुण सभासदाने मित्रांत हसे होऊ नये म्हणून आपला आजार लपविला. रक्त देऊन तो बाहेर आला, तोच चहाची व्यवस्था पाहणाऱ्या त्याच्या मातोश्री सर्वांसमक्ष म्हणाल्या, "अरे, गेल्या महिन्यात तुला मलेरिया झाला होता ना? डॉक्टरांना सांगितलेस का?" पिशवी बाजूस काढावी लागली. त्या दिवशी सर्वांना हसू आले. परंतु गोष्ट हसण्यासारखी नव्हती, म्हणून हा लेख.

प्रथम दात्याच्या स्वतःच्या प्रकृतीचा विचार. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, रक्तातील हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमहून कमी नको. बोटातून काढलेला थेंब पुष्कळ ठिकाणी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब झरझर तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे. वर रेंगाळला तर कमी. आमच्या भगिनींपैकी अनेकजणी येथेच परत जातात. त्यांनी रागावू नये, घरी जाऊन स्वतःच्या ताटाकडे आणि लोहाच्या गोळ्यांकडे लक्ष द्यावे. (घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही!) पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावयाचे असते.

दुसरा विचार रक्त घेणाऱ्याचा. दात्याचे प्रत्येक रक्त पाच रोगांसाठी तपासले जाते : एच्.आय्.व्ही., 'ब' व 'क' प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप. ही व्यवस्था एकाएकी आलेली नाही. चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. १९८६ साली त्यांनी व त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी जमविलेल्या नमुन्यांतून एच्.आय्.व्ही. भारतात आल्याचे प्रथम उघडकीस आले. १९८९ मध्ये दात्याच्या रक्ताची ही तपासणी आवश्यक ठरली. 'क' काविळीची तपासणी मात्र २००१ मध्ये आली. मधल्या काळात आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे लोक पुष्कळ होते. पोटासाठी रक्त विकणारा आपला आजार कशाला सांगेल? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत याविषयी निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली.

आता कोणी विचारील, "यंत्रे तपासणारच आहेत, मग डॉक्टरांना इतके प्रश्न विचारण्याचे कारण काय?" मुद्द्याची गोष्ट हीच आहे. जंतूचा शिरकाव झाल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, रक्तात त्याचा पुरावा चाचणीला सापडत नाही. तपासणी 'निर्दोष' म्हणते आणि रोग पिशवीत बसलेला असतो. विषाणूच्या जनुकद्रव्याचाच शोध घेणारी 'नॅट' नावाची चाचणी हा काळ पुष्कळ कमी करते. पण शून्यावर आणीत नाही. या फटीवर पहारा ठेवणारा एकच मनुष्य आहे, तो म्हणजे स्वतः दाता. गोंदण केले का, कोणाशी असुरक्षित संबंध आला का, सुईने नशा केली का, कावीळ झाली होती का, हे प्रश्न अपमानाचे नव्हेत. त्यांची उत्तरे एकांतात द्यावयाची असतात व ती गुप्त राहतात.

एका पिशवीतून तांबड्या पेशी, बिंबिका व रक्तद्रव वेगळे करून तीन रुग्णांपर्यंत देता येतात. म्हणजे एक लपविलेली गोष्ट तीन घरांत जाऊ शकते. थॅलसेमियाच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. एम्.वाय्. रुग्णालयात अशा मुलांच्या आया पाहाव्यात. त्या पिशवीवरचा गट वाचतात, पण पिशवीमागच्या माणसाने खरे सांगितले की नाही हे त्यांस वाचता येत नाही.

नातेवाईक दवाखान्यात असला म्हणजे काका-मामा मंडळींवर "तू दे, तू दे" असा आग्रह होतो. या भिडेपोटी माणूस आजार लपवितो, असे आमचे निरीक्षण आहे. कोणी नकार दिला तर चारचौघांत कारण विचारू नये. तसेच कोणास स्वतःविषयी शंका असेल तर रक्तदान करून फुकट तपासणी करून घेऊ असे मनात आणू नये. सरकारी समुपदेशन केंद्रांत एच्.आय्.व्ही.ची तपासणी विनामूल्य व गुप्तपणे होते.

यंदाच्या शिबिरात परत पाठविलेल्यांसाठी आम्ही एक वही ठेवणार आहोत. तीत नाव आणि पुन्हा येता येईल ती तारीख एवढेच लिहावयाचे. कारणाचा रकाना ठेवलेला नाही. चहा व बिस्किटे त्यांनाही मिळतील.