रजोनिवृत्तीनंतरची त्वचा आणि संप्रेरक चिकित्सा

रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रिया उष्णतेच्या लाटा, अनिद्रा, सांधेदुखी यांबरोबरच त्वचा एकाएकी कोरडी व सैल पडल्याची तक्रार करतात. त्यांपैकी काही संप्रेरकांच्या गोळ्या घेत असतात, काही त्याऐवजी आयुर्वेदीय औषध मागतात, तर काही औषधविक्रेत्याकडून परस्पर मलम घेऊन लावीत असतात. या तिन्ही प्रसंगी वैद्य व औषधविक्रेते यांना योग्य सल्ला देता यावा, या हेतूने प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा विचार करीत आहोत.

शास्त्रीय विचार

सुश्रुताचार्यांनी आर्तवप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नाशीत सांगितला आहे. शार्ङ्गधरसंहितेत दर दशकात एकेका भावाचा ऱ्हास वर्णिलेला असून पाचव्या दशकात त्वचेचा क्रम येतो. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरीने ४६-४७व्या वर्षी होते, हे पाहता हे दोन्ही संदर्भ जवळजवळ एकाच वयाशी येऊन मिळतात. चरकमते आर्तव हा रसाचा, तर त्वचा हा मांसाचा उपधातू होय. सारपरीक्षेत मात्र रससारतेची लक्षणे त्वचेवरच पाहावयाची असतात. म्हणून रसक्षय व वयपरत्वे वाढणारा वात यांच्या योगाने रूक्षता, परुषता व वली उत्पन्न होतात, अशी संप्राप्ती मांडणे आम्हांस युक्त वाटते.

आधुनिक विचार

त्वचेतील पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. हे संप्रेरक घटल्यावर कोलॅजेन, त्वचेची जाडी व जलधारणशक्ती कमी होते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन नष्ट होते व पुढे दरवर्षी सुमारे २ टक्के घट होत राहते, असे मानले जाते. तथापि चेहऱ्यावरील सुरकुत्या व डाग यांत उन्हाचा वाटा फार मोठा असतो. धूम्रपानानेही सुरकुत्या लवकर येतात.

संप्रेरक चिकित्सेचे स्थान

इस्ट्रोजेन दिल्यास त्वचेतील कोलॅजेन व जाडी वाढल्याचे काही अभ्यासांत आढळले. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अल्पमात्रेतील संप्रेरके ४८ आठवडे देऊनही सुरकुत्यांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे केवळ सौंदर्यासाठी ही चिकित्सा देणे समर्थनीय नाही.

तिच्या धोक्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन विभाग २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात दरवर्षी दर १०,००० स्त्रियांमागे स्तनकर्करोगाचे ८ व पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले, तर खुब्याच्या अस्थिभंगाचे ५ कमी झाले. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढील विश्लेषणांनंतर, साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीस दहा वर्षे पूर्ण न झालेल्या आणि निषेध नसलेल्या स्त्रीला तीव्र उष्णतेच्या लाटांसाठी ही चिकित्सा सामान्यतः लाभदायक ठरते, असे तज्ज्ञ मानतात. गर्भाशय असलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन दिल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टोजेन आवश्यक असते. सारांश, रुग्णेस भय घालून चालू औषध बंद करविणे अनुचित होय. तो निर्णय तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच व्हावा.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

१) स्तनकर्करोगाचा इतिहास आवर्जून विचारावा. असल्यास शतावरी, सोयाबीनचा अर्क आदी इस्ट्रोजेनसदृश क्रिया संभवणारी द्रव्ये ‘वनस्पतीच आहे’ म्हणून निःशंकपणे देऊ नयेत. कर्करोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

२) यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. या वयात रक्तदाबाच्या रुग्णा पुष्कळ असतात, याचे भान ठेवावे.

३) मधुमेही रुग्णेस च्यवनप्राशादी अवलेह देताना त्यातील साखरेचा विचार करावा.

४) रजोनिवृत्तीनंतर एकदा जरी रक्तस्राव झाला, तरी केवळ रक्तस्तंभक औषध न देता तत्काळ तपासणीस पाठवावे. हे कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते.

औषधविक्रेत्यांसाठी

गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रमलमांत तीव्र स्टेरॉइड असते. आधीच पातळ झालेली त्वचा त्याने अधिक पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच दाह उठतो. २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडांची मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घेण्यात आली, त्यामुळे ती चिठ्ठीविना देता येत नाहीत. संप्रेरकांच्या गोळ्यांबाबतही हीच शिस्त पाळावी.

उपचाराची दिशा

बाह्योपचारांत कोमट तिळतेलाचा नित्य अभ्यंग प्रधान होय. चरकाचार्यांनी अभ्यंगाने त्वचा दृढ होते व जरेची लक्षणे अल्प राहतात, असे म्हटले आहे. स्नानानंतर त्वचा ओलसर असतानाच स्नेह लावावा. डाळीच्या पिठाचे कोरडे उटणे रोज चोळण्याची सवय मात्र मोडावी. उद्वर्तन कफमेदोहर आहे, रूक्ष त्वचेस ते मानवत नाही. आभ्यंतर योजनेत अग्नी पाहून घृत, आमलकी व अन्य रसायने द्यावीत. मंदाग्नी असता प्रथम दीपन-पाचन करावे. दुपारचे ऊन टाळावे, पदर किंवा छत्री वापरावी आणि सूर्यकिरणरोधक मलम लावावे.

गेलेले तारुण्य परत आणण्याचे आश्वासन कोणत्याही शास्त्राने देऊ नये. रूक्षता कमी करणे, पुढील ऱ्हास मंदावणे आणि त्वचेच्या तक्रारीआड दडलेला गंभीर व्याधी वेळीच ओळखणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. ते आपण दक्षतेने करावे.