वायूचा पाटकरी



इ. स. १८६५ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर प्रथम वायूचे दिवे लागले. दिवे लावणारा मनुष्य एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे जाई व लोकांचा घोळका कौतुकाने त्याच्या मागोमाग फिरे, असे सांगतात. तो वायू दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत आणि जमिनीखालच्या नळांतून शहरात खेळवीत. पुढे वीज आली व रस्त्यांवरील वायूच्या दिव्यांचे राज्य संपले. आज त्याच शहरात नळाने येणारा वायू दिव्यासाठी नव्हे, तर चुलीसाठी व मोटारींसाठी येतो. आणि तो कोळशाचा नसून भूगर्भातील नैसर्गिक वायू आहे. वायू बदलला, त्याचे कामही बदलले; नळाने तो दारोदार पोचविण्याची युक्ती मात्र टिकून राहिली.

हा इतिहास आरंभी सांगण्याचे कारण असे की, आता ही युक्ती आपल्या प्रांती आली आहे. इ. स. २०१८ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचे मिळून एक क्षेत्र ठरविले आणि तेथे नळांचे जाळे उभारण्याचे काम भारत गॅस रिसोर्सेस लिमिटेड या कंपनीकडे सोपविले. ही कंपनी २०२२ मध्ये तिच्या मातृसंस्थेत, म्हणजे भारत पेट्रोलियममध्ये, विलीन झाली. अशा क्षेत्रात जाळे उभारण्याचा अनन्य अधिकार पंचवीस वर्षांचा असतो. तेव्हा प्रश्न असा की, जगाला कोळसा, तेल व वायू ही इंधने क्रमाने सोडावयाची असताना, आज नवे नळ घालणाऱ्याचे कर्तव्य काय?

प्रथम हा अधिकारी कोण हे समजून घेऊ. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून कृष्णा कालवा निघतो. कालव्यावरचा पाटकरी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पाऊस पाडीत नाही की नदी निर्माण करीत नाही. आलेले पाणी राखणे, ते वाटेत झिरपू न देणे व ज्याच्या त्याच्या वाट्याला वेळेवर सोडणे, हे त्याचे काम. वायूच्या जाळ्याचा चालक हा असाच पाटकरी होय. भारतात वापरला जाणारा सुमारे निम्मा नैसर्गिक वायू परदेशातून येतो. तो उणे १६० अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूप करतात, जहाजांत भरतात व दाभोळसारख्या बंदरात उतरवून पुन्हा वायुरूप करतात. मोठ्या वाहिन्यांतून आलेला हा वायू शहराच्या वेशीपाशी घ्यावयाचा, त्याचा दाब उतरवावयाचा, गळती ध्यानात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळावयाचे आणि तो पोलादी व प्लॅस्टिकच्या नळांतून कारखाने, पंप व घरे यांना पुरवावयाचा, हे चालकाचे नित्यकर्म.

आता त्याचे पहिले कर्तव्य पाहू. ते म्हणजे गळती रोखणे. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. सारखीच उष्णता मिळवावयाची तर दगडी कोळशाच्या मानाने या वायूपासून सुमारे चाळीस टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. टाकीतील गॅसच्या मानाने मात्र केवळ दहाव्या हिश्श्याच्या आसपास कमी. हा लाभ मोठ्या सहजतेने हातचा जातो. जळालेल्या १ किलो मिथेनपासून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. परंतु न जळता हवेत गेलेला १ किलो मिथेन वीस वर्षांच्या अवधीत सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. आता गणित करा. १०० किलोंपैकी ३ किलो वायू वाटेत गळाला, तर उरलेल्या ९७ किलोंच्या ज्वलनाचे झाले सुमारे २६७ किलो, आणि गळालेल्या तीनच किलोंचे झाले २४०! शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास हा दुसरा आकडा बराच उतरतो, हे खरे; तथापि येती वीस वर्षे तुमच्या तारुण्याची वर्षे आहेत. यास्तव सांधा न् सांधा तपासणारा कामगार हा केवळ अपघात टाळीत नाही, तो हवामानाचेही रक्षण करतो.

दुसरे कर्तव्य म्हणजे नळातील द्रव्य पालटण्याची तयारी. मिथेन जमिनीच्या पोटातच असतो असे नाही. जेथे जेथे सेंद्रिय पदार्थ हवेवाचून कुजतो तेथे तो निर्माण होतो. मुंबईस माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला होता. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्या वसतीत टाकाऊ वस्तूपासून उजेड निघाला, ही गोष्ट मननीय आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असा टाकाऊ माल विपुल आहे. रेठरे, साखराळे, कुंडल, शेंद्रे, भुईंज, सांगली, जिकडे पाहावे तिकडे साखर कारखान्याचे धुराडे दिसते. उसाचा रस गाळून जो काळसर गाळ उरतो त्यास प्रेसमड म्हणतात. १०० टन उसामागे तो तीन ते चार टन निघतो आणि सुमारे २५ टन गाळापासून १ टन शुद्ध व दाबलेला जैववायू मिळतो. समजा, एखादा कारखाना दिवसाला ७,००० टन ऊस गाळतो. त्याचा गाळ झाला सुमारे २४५ टन, व त्यापासून वायू सुमारे १० टन, म्हणजे १४.२ किलोंच्या सुमारे ७०० घरगुती टाक्यांइतका, तोही एका दिवसाचा. शिवाय वायू काढून घेतल्यावर उरलेला भाग खत म्हणून शेताकडे परत जातोच. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या क्रमाप्रमाणे वाहनांना व घरांना पुरविल्या जाणाऱ्या वायूत जैववायूचे प्रमाण २०२५-२६ मध्ये १ टक्का, त्यानंतर ३ व ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असावयाचे आहे. गाळप हंगाम काही महिन्यांचाच असतो, ही अडचण खरी. परंतु गाळ साठविता येतो, आणि गावोगावचे शेणही आहेच. कारखान्याच्या दारापर्यंत नळ नेऊन हा वायू शुद्धता पारखून स्वीकारणे, हे काम चालकावाचून दुसरा कोणी करू शकणार नाही. कालव्यात वाटेवरचा ओढाही वळवून घ्यावा, तसेच हे आहे.

हायड्रोजन मिसळण्याचेही प्रयोग चालू झाले आहेत. सुरतेजवळ कवास येथे जानेवारी २०२३ मध्ये घरगुती वायूत ५ टक्के हायड्रोजन मिसळण्यास आरंभ झाला. परंतु सारख्या घनफळात हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच असते. म्हणून ५ टक्के मिसळले तरी उष्णतेचा वाटा दीड टक्क्याच्या थोडा वरच राहतो. प्रयोगाचे स्वागत करावे, पण त्याच्या भरवशावर स्वस्थ बसू नये.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण. ते म्हणजे जेथे नळाची गरज नाही तेथे तसे स्पष्ट सांगणे. आपल्याकडे कोयनेची वीज आहे, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये पुढे आले. अशा विखुरलेल्या वाड्यांना नळापेक्षा छपरावरचा सूर्य जवळचा. उलट कुपवाड, मिरज किंवा सातारा येथील ज्या कारखान्यांच्या बाष्पकांत कोळसा वा भट्टीचे तेल जळते, तेथे वायूचा लाभ आजच मोठा आहे. महाराष्ट्रातील वीज अद्याप बहुतांशी कोळशावर होते, म्हणून आजचे उत्तर व वीस वर्षांनंतरचे उत्तर एक नसेल. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला. आज घातलेला नळ त्या वर्षी कदाचित जमिनीत शाबूत असेल. तो रिकामा असेल की उपयोगाचा, हे आजच्या विचारावर ठरेल.

ही चर्चा आपल्यापासून दूरची आहे असे कोणी मानू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. आणि याच खोऱ्यात माण, खटाव, आटपाडी, जत येथील शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो. एका महापुराचा सर्व दोष हवामानबदलाच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि ते बाष्प कोठेतरी कोसळावयाचेच.

शुभवर्तमानातील कारभाऱ्यांचे दृष्टांत तुम्ही उपासनेच्या वेळी ऐकले आहेत. तेथे धनी परत आल्यावर धनाचा हिशेब घेतो; धन कारभाऱ्याचे नसतेच. वायूच्या पाटकऱ्यालाही असाच हिशेब द्यावयाचा आहे: किती गळू दिले, काय नवे स्वीकारले, आणि कोठे विनाकारण खोदले. तो हिशेब घेणारे धनी तुम्ही आहात, कारण २०७० मध्ये या खोऱ्यात राहणारे तुम्हीच व तुमची मुले. म्हणून रसायन व गणित हे विषय केवळ परीक्षेपुरते शिकू नका. हिशेब तपासता येण्याइतके शिका.